बाफला, बोनस आणि मी

मालकाला नावं ठेवणं हा नोकरदाराचा हक्क आहे आणि मराठी नोकरदार तो मनापासून बजावतो. इंदूरला रामबागेत आमची संध्याकाळची बैठक बसते, तिथे प्रत्येकाचा साहेब मागल्या जन्मीचा वैरी असतो. कुणाचा रजा देत नाही, कुणाचा रविवारी फोन करतो. एकाचा तर म्हणे नुसता हसतो, आणि तेच सर्वांत वाईट लक्षण मानलं जातं. माझी पाळी आली की मी पोह्यांवर शेव भुरभुरत बसतो. कारण माझा मालक चांगला आहे, आणि हे चारचौघांत बोलायची सोय नाही. बोललो तर लोक समजतात, हा मालकाचा नातेवाईक तरी असेल किंवा याला बढती तरी हवी असेल. घरी वेगळीच शंका : “म्हणजे यंदाही पगार वाढवून मागितला नाहीत वाटतं!”

मी हातोदला एका सोयाबीनच्या गोदामावर हिशोब बघतो. विमानतळ मागे टाकून देपालपूरच्या रस्त्याला लागलं की हे तहसिलीचं गाव येतं. दसऱ्याच्या सुमाराला या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं राज्य असतं. तेवढे दिवस आम्ही एकमेकांची तब्येतसुद्धा विचारत नाही. माती किती, कचरा किती, ओलावा किती, एवढंच विचारतो. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की घासाघीस सुरू. मग दिवाळीसाठी मंडी बंद होते, गोदामाचं अंगण झाडून निघतं आणि सेठजी हमालापासून हिशोबनिसापर्यंत सगळ्यांना एकाच शब्दांत आमंत्रण देतात : “शाम को जीमना है. घर से खा के मत आना.”

याआधी मी एका मोठ्या कंपनीत होतो. तिथेही वार्षिक भोजन असे, तेही हॉटेलात. गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर नाव, म्हणजे वर्षभर शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्याला मी कोण ते कळावं. जेवणाआधी पडद्यावर आलेख दाखवत. आलेख वर चढे, तशी आमची भूकही. “आपण सगळे एक कुटुंब आहोत,” असं साहेब सांगत, तेव्हा त्या कुटुंबातले ड्रायव्हर बाहेर गाड्यांपाशी पुड्या सोडून खात असत. मग खेळ. गुडघ्यांत फुगा धरून पळायचं. ज्या माणसाने सकाळी जीएसटीचं विवरण भरलंय, त्याने!

हातोदला फुगा नाही. बाफला आहे. जाडसर कणीक, त्यात थोडं मक्याचं पीठ, हळद, ओवा. गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजतात, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात आणि शेवटी तुपात बुडतात. बाटी बिचारी थेट निखाऱ्यावर जाते. बाफल्याला आधी अभ्यंगस्नान घडतं. सोबत तुरीची डाळ, कढी, लसणाची चटणी. आणि एवढं कणीक-तूप कमी पडू नये म्हणून लाडू, तेही कणीक-तुपाचेच.

पंगत ताडपत्रीवर. बाफला हाताने फोडला की आतून भसकन वाफ येते. ती विरायच्या आत सेठजी केटली घेऊन हजर असतात आणि त्या भेगेत तूप सोडतात. “बस” म्हणून पानावर हात आडवा धरला तर तूप हातावर पडतं. म्हणून जुनी माणसं हात धरत नाहीत, डोळे मिटून घेतात. माझ्या डाव्या हाताला एक हमाल बसतो. तो पाचवा बाफला फोडताना माझ्या दुसऱ्याकडे असा बघतो, की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटते. भाषण असतं, पण यंदाचं संपूर्ण भाषण असं होतं : “इस साल माल में नमी ज़्यादा थी, पर अपना काम सूखा नहीं गया. शुरू करो.”

बोनसची पाकिटं जेवणाआधी वाटतात. “जीमने के बाद गिनती ग़लत होती है,” असं सेठजींचं मत आहे. कायद्याने बोनसची किमान पातळी ८.३३ टक्के ठरवलेली आहे. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, सरळ एक महिना. वर्षात तीस दिवस तरी काम केलेलं असावं, अशीही अट. आमचे हंगामी हमाल कधीकधी तेवढे भरत नाहीत. मी यादीतून नाव गाळतो, सेठजी चष्मा पुसतात आणि म्हणतात, “अरे, इसका भी लिखो.” लिहितो. कुठल्या खात्यात, हे दुःख माझं एकट्याचं.

वेळेवर मिळालेल्या पैशाची किंमत इंदूरकराला कुणी शिकवायला नको. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मार्गी लागले ते २०२३ च्या डिसेंबरात. तोवर त्यांतले कित्येक हयातही नव्हते. आपल्याकडे चांगल्या मालकांचं कौतुक होत नाही असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभारली, त्याबद्दल आपण आजही भरभरून बोलतो. पण मालक इतिहासात गेला की मगच आपली जीभ सुटते. उद्या सकाळी समोर येणाऱ्या मालकाला चांगलं म्हणणं म्हणजे लोचटपणा!

म्हणून मी दुसरा मार्ग काढला. वाईट मालकाकडे माणूस काहीच मागत नाही, मुकाट्याने दुसरी नोकरी शोधतो. ज्याच्याकडे तोंड उघडून मागता येतं, तो चांगला. तेव्हा यंदा पंगत उठल्यावर, हाताचं तूप तीनदा धुऊनही गेलं नव्हतं अशा अवस्थेत, मी सेठजींना गाठलं आणि पगारवाढ मागितली. माझ्या मते याहून मोठा गौरव मी त्यांचा करू शकलो नसतो.

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. “पहले ये तो हज़म करो, भिया. लाभपंचमी को बैठते हैं.”

लाभपंचमीला मंडी उघडते आणि मुहूर्ताचे सौदे होतात. यंदा पहिला सौदा सोयाबीनचा झाला, दुसरा माझा. ओलाव्याची कपात दोघांनाही लागली.