दिवाणखान्यातील कृमिवेत्ता

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरात बाळगणाऱ्यांमध्ये असा एक वर्ग आढळतो, की ज्याचे लक्ष माशांवरून केव्हाच उडालेले असते आणि जो घर निजल्यावर विजेरीच्या काचेला लाल कागद चिकटवून टाकीसमोर उकिडवा बसतो. लाल कागदामागे शास्त्र आहे; टाकीतील अनेक निशाचर अपृष्ठवंशीय, म्हणजे कणा नसलेल्या, प्राण्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही आणि ते बिळात न पळता निर्धास्त वावरतात. बैठकीचा हेतू टाकीत शिरलेल्या अनोळखी किड्याची ओळख पटवणे हा असतो. निदान घरच्यांना तसे सांगितलेले असते.

हे किडे येतात ते ‘लाइव्ह रॉक’मधून. प्रवाळभित्तीपासून सुटलेल्या सच्छिद्र चुनखडीच्या तुकड्याला छंदिष्टांच्या व्यवहारात हे नाव आहे. त्यातील जीवाणू माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, म्हणून तो वजनावर विकत घेतला जातो आणि त्याच्या छिद्रांतली बिनबोलावलेली मंडळी फुकट येतात. त्यांत बहुसंख्य असतात पॉलिकीट, म्हणजे गांडुळाचे समुद्री आप्त, ज्यांच्या प्रत्येक वलयाच्या दोन्ही अंगांना चपटे पार्श्वपाद आणि त्यांवर राठ केसांचे झुबके असतात. त्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्या जबडे, केसांची घडण आणि डोक्यावरील शृंगिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ठरवाव्या लागतात. कृमिवेत्त्याजवळ मात्र काचेवरचे शेवाळ स्पष्ट आणि किडा धूसर आलेले मोबाइलवरचे छायाचित्र असते, आणि तेवढ्यावर तो थेट जातीपर्यंत पोहोचतो. वाटेतली कुले आणि प्रजाती त्याला अडवत नाहीत.

ती जात नेहमी एकच निघते: ‘युनिस ॲफ्रोडिटॉइस’, अर्थात बॉबिट वर्म. पालास या निसर्गवैज्ञानिकाने १७८८ मध्ये वर्णिलेला हा प्राणी वाळूत दडून, वर आलेल्या मासळीवर कात्रीसारखे जबडे मिटतो आणि तीन मीटरपर्यंत वाढू शकतो. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात, न्यूकी येथील मत्स्यालयात २००९ मध्ये मासे घटू लागले व प्रवाळ कुरतडलेले दिसू लागले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी सगळी रचना खडकागणिक मोकळी केली असता सुमारे चार फुटांचा किडा हाती लागला, ज्याचे नाव पुढे ‘बॅरी’ पडले. कृमिवेत्त्याला ही हकिकत मुखोद्गत असते. युनिसच्या डोक्यावर पाच शृंगिका असतात हेही त्याने वाचलेले असते आणि, आश्चर्य असे, की त्याला त्या प्रत्येक धूसर छायाचित्रात बरोबर पाचच दिसतात.

वस्तुतः त्याचा किडा बोटभर, गुलाबी आणि उष्ट्यावर जगणारा असतो. मासा आजाराने मरतो, किडे रात्री कलेवरावर जमतात, नेमके तेव्हाच लाल दिव्याचे पथक येऊन पोहोचते आणि तिरडीला खांदा द्यायला आलेल्यांवरच खुनाचा आळ येतो. एखाद्या जाणकाराने किडा निरुपद्रवी असल्याचे सांगितले, तर या गृहस्थाला तो स्वतःचा अपमान वाटतो, कारण घरात श्वापद असण्यात जी प्रतिष्ठा आहे ती सफाई कामगार असण्यात नाही. (टाकीच्या कोपऱ्यातील पांढऱ्या नळीलाही तो किडाच म्हणतो, जरी आत व्हर्मेटिड नावाची, चिकट जाळे सोडून भक्ष्य पकडणारी गोगलगाय असते, परंतु लिनियसनेही १७५८ मध्ये गोगलगायींपासून जेलीफिशपर्यंत सर्वांना ‘कृमी’ या एकाच वर्गात कोंबले होते, तेव्हा या बाबतीत त्याला फार बोल लावता येत नाही.)

निदान पक्के झाले की कारवाई सुरू होते. चिमटा सापडत नाही म्हणून तो हात घालतो, तेव्हा किड्याचे पोकळ, ठिसूळ केस कातडीत मोडून आग होऊ लागते. ते चिकटपट्टीने उपटून काढावे लागतात आणि सुजलेले बोट पाहुण्यांना पुरावा म्हणून दाखवले जाते. पुढच्या खेपेस तो कात्री घेतो. रक्तबीजाची कथा लहानपणी ऐकलेली असूनही, टाक्यांत सर्रास आढळणाऱ्या ‘युरिथो’सारख्या किड्यांचे तुकडे स्वतंत्रपणे पूर्ण प्राणी होऊन वाढतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही, आणि संख्या वाढली याचा अर्थ तो आक्रमण तीव्र झाले असा लावतो.

अखेर सापळे लावून, खडक बदलून टाकी निष्कृमी होते. त्यानंतर उरलेले खाद्य फटींत कुजते, नायट्रेट चढते, शेवाळ माजते आणि घाण खाणाऱ्या प्राण्यांच्या ‘सफाई पथका’ची निकड भासू लागते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कृमिवेत्त्याची या बाबतीत चांगली सोय आहे, कारण तेथील काही विक्रेते याच कामासाठी पॉलिकीट किडे विकतात. ते तो डॉलर मोजून मागवतो आणि मोठ्या हौसेने टाकीत सोडतो. वेष्टनावर नाव छापलेले असल्यामुळे या खेपेस ओळख पटवण्याचा प्रश्न उद्भवत नाही.