चामखीळ, घोडी आणि बिब्बा

आमच्या घराण्यात पन्नाशी उलटली की मानेवर चामखिळी येतात. वडिलांना होत्या, थोरल्या काकांना होत्या, आणि दोघांनीही त्या शेवटपर्यंत गुण्यागोविंदाने सांभाळल्या. मला मात्र भाच्याच्या लग्नात फोटो काढून घ्यायचे होते. कॉलरच्या जरा वर ज्वारीच्या दाण्याएवढी एक लोंबत होती, आजूबाजूला तिची पिल्लं. दुखणं नाही, खाजणं नाही. पण गळ्यातली साखळी तिच्यात अडकायची, आणि न्हावी दर वेळी वस्तरा तिथवर आणून थबकायचा. "साहेब, ही ठेवायचीय ना?" असं दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा.

कातडीचा विषय निघाला की मराठी घरात डॉक्टर लागत नाही. यकृत कुणाला दिसत नाही, म्हणून त्याबद्दल लोक जपून बोलतात. मान सगळ्यांना दिसते. सासूबाईंनी चुना आणि सोडा सांगितला. शेजारच्या नानांनी रुईचा चीक सांगितला, आणि तो डोळ्यात गेला तर काय होतं हेही उत्साहाने सांगितलं. आत्याने मात्र निकाल दिला, "घोड्याच्या शेपटीचा केस बांध. आपोआप गळून पडते."

हा उपाय वाटतो तितका अडाणी नाही. देठावर लोंबणाऱ्या चामखिळीला घट्ट फास बसला तर तिचं रक्त तुटतं आणि ती वाळते. तत्त्व चोख. अडचण एवढीच की भर शहरात घोडा आणायचा कुठून? तो भाच्याच्या वरातीत आयताच मिळाला. बँड जोरात होता, सगळे पुढे नाचत होते आणि नवरदेवाचा सख्खा मामा जनावराच्या मागे घुटमळत होता. घोडेवाला म्हणाला, "काका, पुढं जा की. मागं लाथ बसंल." मी त्याच्या कानाशी लागून मागणी सांगितली. त्याला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "मानेवरची का बगलेतली?" त्याने विचारलं. मग पन्नास रुपये खिशात टाकत म्हणाला, "पण ही घोडी हाय. चालंल ना?"

चालली नाही. बायकोने चष्मा लावून, श्वास रोखून गाठ मारली. पण घोडीचा केस ताठ आणि गुळगुळीत. सकाळी तो उशीवर, चामखीळ जागेवर. लग्नाच्या व्हिडिओत मात्र मी शेपटीखाली वाकलेला स्पष्ट दिसतो आणि पाहुण्यांना तेवढाच भाग पुन्हा पाहायचा असतो.

मग आत्याने बिब्बा काढला. बिब्ब्याबद्दल मला लहानपणापासून आदर. त्याच्या आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात खातो आणि बाहेरचा काळा बिब्बा लिंबू-मिरचीबरोबर दारावर टांगतो. जो नजरेला पुरून उरतो त्याच्यापुढे एक चामखीळ काय, असा माझा हिशेब. सुईला टोचून निरांजनावर धरला, काळं तेल सुटलं, थेंब मानेवर. दोन दिवस काहीच झालं नाही. मी विजयी मुद्रेने हिंडलो.

तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. मान लाल, वर बारीक फोड, त्यातून पाणी, आणि खाज अशी की बसमध्ये मी दांड्याला मान घासत उभा. संध्याकाळपर्यंत डावी पापणीही सुजली. नानांनी लांबूनच पाहून "नागीण!" असं जाहीर केलं. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की खेळ खलास, म्हणून त्यांनी मधे गेरूची रेघ ओढली. आत्याने पित्त समजून वर आमसुलाचं पाणी थापलं. मेडिकलवाल्याने न विचारता एक ट्यूब दिली, "सगळ्यावर चालते" म्हणून. असा गेरूने रंगलेला, आमसुलाचा वास येणारा मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंसमोर बसलो.

त्यांनी मानेकडे पाहिलं आणि विचारलं, "लहानपणी कैरीच्या चिकाने ओठ उतायचे का?" उतायचे! आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. तिघांच्या चिकात एकाच जातीची तेलकट रसायनं. शरीराला त्यांची एकदा ओळख पटली की पुढच्या भेटीत ते एक-दोन दिवसांनी असा सत्कार करतं. १९४३मध्ये भारतातल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावरच्या असल्याच चट्ट्यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय; धोब्याने कपड्यावर बिब्ब्याने खूण केली होती, आणि तिच्या खालची कातडी उतली होती. फोडांतल्या पाण्याने हे पसरत नाही, बोटाला राहिलेल्या तेलाने पसरतं. म्हणून लागल्या लागल्या साबणाने धुवायचं असतं. मी तेच बोट डोळ्याला लावलं होतं. नागीण असती तर अंगाच्या एकाच बाजूला, मज्जातंतूच्या वाटेने उठली असती, आणि आधी बहुधा ठणकली असती. गेरू पुसून टाकायला त्यांनी स्वतःच कापूस दिला.

बाई खऱ्या चिडल्या त्या ट्यूबवर. एकाच मलमात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. गजकर्णाला लोक हेच चोळतात. खाज थांबते, लाली उतरते, आणि बुरशी आत खुशाल पसरत राहते. मग ते नेहमीसारखं गोल दिसतही नाही. असली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८मध्ये केला. आमच्या कोपऱ्यावर तो अजून पोचायचा आहे.

"आणि चामखीळ?" मी लाजत विचारलं.

हातावरच्या खरखरीत चामखिळी विषाणूच्या असतात, त्या पुष्कळदा आपल्या आपण जातात आणि श्रेय चुना-सोडा घेऊन जातो. माझी ती जातच नव्हे. मानेवर, बगलेत अशा लोंबतात त्या घर्षणाने, वाढत्या वजनाने, आणि कित्येकदा साखरेची लक्षणं म्हणून. रंग किंवा आकार बदलणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला तीळ दिसला असता तर त्या घाबरल्या असत्या; हिला नाही. "पुरळ बसलं की काढून टाकू," त्या म्हणाल्या. "आधी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करा."

साखर काठावर निघाली. डिंकाचे लाडू बंद झाले, गोडंबीसकट. पुरळ बसल्यावर बाईंनी सुन्न करणारं मलम लावून विजेच्या बारीक सुईने ती आणि तिची पिल्लं काढली. रिसेप्शनवर फॉर्म भरायला मला त्याहून जास्त वेळ लागला होता. जिथे बिब्बा उतला तिथे मात्र काळा डाग राहिला. जायला काही महिने लागतील म्हणे.

परवा आत्या आली. चष्मा वर करून मान नीट न्याहाळली. चामखीळ नाही, डाग आहे. समाधानाने मागे टेकली आणि बायकोला म्हणाली, "बघ, बिब्ब्याने मुळासकट काढली. ह्यांच्या त्या डॉक्टरला किती दिलेत गं?"