हिरवा दिवा लागला का?

नवा राउटर आला. जोडणाऱ्या मुलाने वायर खोचून विचारलं, "काका, हिरवा दिवा लागला का?" म्हटलं, "बाळा, माझ्याकडे जन्मापासून कुठलाच दिवा लागलेला नाही." तो ओशाळून म्हणाला, "मग घरात कुणी आहे का?" म्हणजे मी हिशेबात नव्हतोच!

पासवर्ड राउटरच्या बुडाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. डोळसांनाही तिथे भिंग लागतं, तेवढीच समता. राउटरच्या सेटिंगचं पान उघडायला १९२.१६८.१.१ हा पत्ता मात्र मीच टाकला. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेला, फुकट मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर इमानेइतबारे वाचू लागला : "बटन. बटन. बटन." कशाचं बटन, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. एक दाबलं, तर राउटरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मग कॅप्चा आला : चित्रातली अक्षरं ओळखा आणि आपण माणूस असल्याचं सिद्ध करा. माझी माणुसकी तिथेच अडकली.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे. सुगम्यता त्यात आहे, या पानावर नाही. बटनाला नाव द्यायला कोडची एखादी ओळ पुरते. तेवढी लिहा, दिव्याचं आम्ही बघून घेऊ.