रोमचे दोन गडी

"काकू, आलात का अमेरिकेहून? नायगारा पाहिलात ना?"

"नायगारा एका दिवसात उरकला गं. मग लेकीकडे बसून काय करायचं? तिचं घर युटिकाला, पलीकडचं गाव रोम. पोपचं नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं. तिच्या शेजारणीने एक भानगड सांगितली, ती ऐक."

"कोणाचं लफडं?"

"लफडं कसलं, गाड्यांच्या शर्यती! नाक मुरडू नकोस. साध्या गाड्यांवरून बनवलेल्या स्टॉक कारमधलाच एक प्रकार, मॉडिफाइड म्हणतात. काय एकेक ध्यान! मधे इवलीशी बॉडी, मडगार्डचा पत्ता नाही, जाडजूड चाकं अंगाबाहेर आलेली. त्यात दांडगं इंजिन, आणि छोट्याशा रिंगणात गरागरा फिरायचं."

"चक्कर येईल मला."

"तुला येईल. पण 1971 ते 1985, सलग पंधरा वर्षं, नॅस्कार या शर्यती भरवणाऱ्या संस्थेचं मॉडिफाइडचं अजिंक्यपद रोम सोडून बाहेर गेलं नाही! सहा वेळा जेरी कुक, नऊ वेळा रिची इव्हान्स."

"एकाच गावातले दोघं? मग विस्तवही जात नसेल!"

"ट्रॅकवर तरी नाही. इव्हान्स शेतकऱ्याचं पोर. सोळाव्या वर्षी शेत सोडलं आणि गॅरेजात कामाला लागला. पुढे नारिंगी गाडी, नंबर 61. पहिलं अजिंक्यपद 1973चं, मग चार वर्षं कुकने त्याला जवळ फिरकू दिलं नाही. 1978 पासून मात्र सलग आठ वेळा इव्हान्सच."

"एवढा पट्टीचा, मग मोठ्या शर्यतींत का नाही गेला?"

"नाव केलं ते इथेच. मला तर तेच आवडलं. तेव्हा अजिंक्यपदासाठी गावोगावच्या ट्रॅकवरचे गुण मोजायचे गं. गाडी ट्रेलरवर चढवायची आणि आज हे गाव, उद्या ते. 1979 साली साठ शर्यती धावला, त्यातल्या सदतीस जिंकल्या."

"घरी कधी असायचा मग?"

"मीही तेच विचारलं! पण त्याची जिद्द ऐक. व्हर्जिनियात मार्टिन्सव्हिल नावाचा ट्रॅक आहे. तिथे जिंकलं की माणसाएवढं उंच लाकडी घड्याळ देतात. 1981 साली तिथेच शेवटच्या वळणावर हा आणि जेफ बोडाइन एकमेकांवर आदळले. याची गाडी भिंतीवर चढली, एक चाक गेलं, आणि पठ्ठ्या तीन चाकांवर घासत रेष ओलांडून जिंकला!"

"आई गं!"

"हा बोडाइनही ऐरागैरा नव्हे, पुढे 1986ची डेटोना 500 ही मोठी शर्यत जिंकला. पण खरी गंमत पुढेच. कुक 1982 नंतर गाडीतून उतरला. 1985 ला नॅस्कारने ठराविक शर्यतींची नवी मॉडिफाइड मालिका काढली आणि तिच्या कारभारावर कोण? कुक!"

"म्हणजे जुना वैरीच साहेब!"

"आणि त्याच्याच मालिकेचं पहिलं अजिंक्यपद इव्हान्सने जिंकलं. कल्पना कर गं!"

"कुकच्या पोटात गोळा आला असेल."

"ते त्याला ठाऊक. पण इव्हान्सच्या हाती अजिंक्यपद आलेलं असताना, 24 ऑक्टोबरला त्याच मार्टिन्सव्हिलला सराव करताना गाडी भिंतीवर आदळली. तिथेच गेला. चव्वेचाळीस वर्षांचा."

"अरेरे. सरावात?"

"सरावात. मॉडिफाइडमध्ये 61 नंबर आता कोणालाच देत नाहीत. 2012 साली त्याला नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, कप नावाच्या बड्या मालिकेतल्या नावांच्या पंक्तीत. कुकला 2016 साली. तिथेही इव्हान्स पुढे, बघ!"

"मग त्या शेजारणीचा पक्ष कोणता?"

"ती इव्हान्सची. म्हणते, नऊ ते नऊ. मी म्हटलं, बाई गं, तुझा नऊवाला तुला लखलाभ. मी कुकच्या बाजूची. सहा का होईनात, धडधाकट निवृत्त झाला आणि वर साहेबही झाला. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी!"