विकलेल्या वस्तूचे माहेर

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीत मराठी व्यापाराचे सारे तत्त्वज्ञान एका ओळीत सामावलेले होते, आणि तिच्याकडे केवळ उद्धटपणाचा नमुना म्हणून पाहणाऱ्यांनी तिच्यातील औदार्याकडे आजवर दुर्लक्षच केले आहे. पैसे मोजून झाले की मिक्सर ग्राहकाचा झाला. मग त्यात त्याने चटणी वाटावी, शिकेकाई दळावी की तो वर्षभर माळ्यावर टाकून द्यावा, याची चौकशी करायला दुकानदार किंवा कारखानदार यांपैकी कोणीही येणार नाही, असे अभयवचन त्या पाटीने दिलेले होते. अलीकडच्या काळात बाजारात आलेल्या ‘स्मार्ट’ उपकरणांनी हा करार गुपचूप मोडला आहे. टीव्ही, एसी, गिझर, दाराची घंटा ही मंडळी रीतसर विकली जातात, ग्राहकाच्या घरी पोचतात, हळदकुंकू वाहून घेतात, परंतु नव्याने नांदायला गेलेल्या मुलीने रोज रात्री माहेरी फोन करावा त्याप्रमाणे आपापल्या कंपनीशी बोलत राहतात आणि सासरी कोण किती वाजता उठले, कोणी कोणती मालिका पाहिली, गरम पाणी किती लागले, हे सर्व तिकडे कळवतात. अशा माहेरवाशिणींची संख्या वाढल्यावर व्यापाराचे आणि संसाराचे काय होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या व्यवस्थेला ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ असे म्हटले जाते. तिचे तीन घटक असतात: तापमान, हालचाल, ओलावा, प्रकाश यांसारख्या गोष्टी टिपणारा सेन्सर, टिपलेली माहिती पुढे पाठवणारी वाय-फाय किंवा सिमकार्डाची जोडणी, आणि ती माहिती साठवून तिच्यावरून निर्णय घेणारा दूरचा संगणक, ज्याला क्लाउड म्हणतात. चौथा घटक म्हणजे ‘माझा पासवर्ड काय होता’ असे विचारत घरभर फिरणारा कुटुंबप्रमुख. पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख आढळत नसला तरी त्याच्यावाचून पहिले तीन घटक निरुपयोगी ठरतात.

या विद्येचा इतिहास पाहू जाता तिचा उगम मानवजातीच्या कल्याणाच्या तळमळीत नसून उठून बघण्याच्या कंटाळ्यात झाला, असे पुराव्यानिशी दाखवता येते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या आरंभी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कोका-कोलाचे यंत्र संगणकाच्या जाळ्याला जोडले, कारण जिने उतरून गेल्यावर यंत्र रिकामे निघणे किंवा बाटली कोमट निघणे त्यांना असह्य झाले होते. कोणत्या खणात बाटल्या आहेत आणि त्या पुरेशा थंड झाल्या आहेत काय, हे त्यांना जागेवर बसून कळू लागले. पुढे १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, आणि भांडे भरलेले आहे की रिकामे याचे छोटेसे कृष्णधवल चित्र प्रत्येकाच्या पडद्यावर दिसू लागले. १९९३ मध्ये हे दृश्य वेबवर आले, तेव्हा जगाच्या पाठीवरील असंख्य लोक, ज्यांना त्या कॉफीचा एक घोटही मिळण्याची शक्यता नव्हती, ते भांडे भरते की नाही हे तासन्‌तास पाहत बसले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला आणि ते भांडे लिलावात ३,३५० पौंडांना विकले गेले. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे नाव १९९९ मध्ये केविन ॲश्टन यांनी दिले, आणि त्यामागेही दुकानाच्या फळीवरून एका विशिष्ट छटेची लिपस्टिक वारंवार संपते पण वेळेवर कळत नाही, ही व्यथा होती. शीतपेय, कॉफी आणि लिपस्टिक या तीन खांबांवर उभ्या राहिलेल्या शास्त्राकडून गांभीर्याची अपेक्षा बेतानेच करावी.

तथापि हाच कंटाळा महाराष्ट्राच्या शिवारात पोचला तेव्हा त्याला गरजेचे रूप आले. शेतीपंपांना थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत असल्याने शेतकऱ्याला रात्री-अपरात्री विहिरीवर जावे लागते, आणि वाटेत उसाच्या फडात बिबट्या, बांधावर साप व पायाखाली चिखल असा मजल-दरमजल प्रवास करून पोचल्यावर लाइट गेलेली आढळते. यावर पुण्यातील संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले, आणि तशाच प्रकारचे मोबाइल स्टार्टर आता गावोगावच्या दुकानांत मिळतात. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत, जिथे पूर्वी एक हिरवे बटण, एक लाल बटण आणि कोळ्याचे जाळे एवढाच संसार होता, तिथे सिमकार्ड घातलेली एक डबी बसते, आणि शेतकरी अंथरुणातूनच पंपाला फोन लावतो. घरातील माणसे फोन उचलत नाहीत पण मोटर पहिल्या रिंगला उचलते, असा अनुभव येत असल्यामुळे या उपकरणाविषयी ग्रामीण भागात विशेष जिव्हाळा दिसतो.

याच पेटीत ‘ऑटो स्विच’ नावाचा एक जुना रहिवासीही असतो, आणि प्रस्तुत विषयातील सर्वांत मोठा धडा त्याच्याकडून मिळतो. वीज आली की पंप आपोआप चालू करणे हे त्याचे एकमेव कर्तव्य होय. प्रत्येक शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सोय अत्यंत शहाणपणाची आहे. परंतु एका ट्रान्सफॉर्मरवरील सर्वांनीच हे शहाणपण बसवून घेतले तर वीज येताच सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात, आणि मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढत असल्याने ट्रान्सफॉर्मरवर भार येऊन फ्यूज उडतो किंवा ट्रान्सफॉर्मरच जळतो. म्हणून ऑटो स्विच काढून टाकावेत, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करते, आणि प्रत्येक शेतकरी ते आवाहन शेजाऱ्यासाठी आहे असे मानून त्याला मनापासून पाठिंबा देतो. सुटी सुटी शहाणी यंत्रे एकत्र आली की एकत्रित शहाणपण निर्माण होतेच असे नाही, हा सिद्धान्त सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहिलेल्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

व्यापाराच्या बाजूने पाहिल्यास या यंत्रांनी घडवलेला मूलभूत बदल असा की, कंपन्या आता वस्तू विकण्याऐवजी वस्तूचा उपयोग विकू लागल्या आहेत. या पद्धतीला चांगला पूर्वेतिहास आहे. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने विमानाच्या इंजिनांची देखभाल उड्डाणाच्या तासांवर पैसे आकारून करण्याची योजना काढली आणि पुढे रोल्स-रॉइसने ती नावारूपाला आणली. इंजिन जितके तास चालेल तितकेच पैसे मिळणार असल्याने ते बिघडू नये ही काळजी आपोआप बनवणाऱ्याचीच झाली, आणि उडत्या इंजिनातील सेन्सर तापमान, दाब व कंपने कळवू लागल्यावर बिघाड होण्यापूर्वीच दुरुस्तीची तयारी करता येऊ लागली. नादुरुस्तीतून कमाई करणाऱ्यांना नीट चालण्यातून कमाई करायला लावणे, ही या विद्येची निःसंशय उज्ज्वल बाजू होय, आणि ती गल्लीतील प्लंबरपर्यंत केव्हा पोचते याकडे समाज डोळे लावून बसला आहे.

दुसरी बाजू अशी की, जो माहेराहून यंत्राची विचारपूस करू शकतो तो त्याला माहेरी बोलावूनही घेऊ शकतो. बीएमडब्ल्यू कंपनीने २०२२ मध्ये काही देशांत गाडीच्या आसनातील ऊब मासिक वर्गणीवर देऊ केली. उष्णता देणारी तार आसनात आधीच बसवलेली, तिचे पैसे गाडीच्या किमतीत धरलेले असावेत असा ग्राहकाचा समज, आणि तरीही बूड शेकण्यासाठी दरमहा भाडे, हा प्रकार इतका टीकापात्र ठरला की पुढच्याच वर्षी कंपनीने तो आवरता घेतला. त्याच २०२२ मध्ये युक्रेनमधील मेलितोपोल येथून रशियन सैनिकांनी पळवलेली जॉन डिअरची शेतीयंत्रे शेकडो मैल दूर चेचन्यात पोचल्यावर दुरूनच कुलूपबंद करण्यात आली, तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या ओसरल्यावर मात्र पैसे देऊन ट्रॅक्टर घेतलेल्या प्रामाणिक शेतकऱ्यांच्याही ध्यानात आले की, चोराच्या ट्रॅक्टरला लागणारे कुलूप त्यांच्याही ट्रॅक्टरमध्ये आहे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे.

याहून बिकट अवस्था माहेरच बुडाल्यास होते. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा सुमारे ३०० डॉलरचा एक डबा घरातील दिवे, कुलुपे आणि इतर उपकरणे एकत्र चालवीत असे. त्याची कंपनी २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या ‘नेस्ट’ने विकत घेतली आणि २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. डबा मोडला नव्हता, जळला नव्हता, चोरीला गेला नव्हता; पण त्याला काय करायचे हे सांगणारे कोणी उरले नव्हते, म्हणून तो निर्जीव झाला. आजीचा पितळी पानडबा तीन पिढ्या टिकतो तो केवळ पितळेमुळे नव्हे, तर त्याला कोणाकडूनही परवानगी घ्यावी लागत नाही म्हणून, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

भारतात या यंत्रांनी माणसांची जागा घेतली, असे सरसकट विधान करता येत नाही. बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसाच्या शेजारी जागा घेतली आहे. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोलनाक्यांवर फास्टॅग अनिवार्य झाला, म्हणजे काचेवरील चिकटपट्टीतील चिप रेडिओलहरींनी ओळखून खात्यातून पैसे परस्पर वळते होऊ लागले. तरीही नाक्यावर हातात यंत्र घेतलेला एक तरुण उभा असतो, जो वरचे मोठे यंत्र गांगरल्यास आपले छोटे यंत्र काचेवर टेकवतो, आणि तेही गांगरल्यास ‘साहेब, गाडी जरा मागे घ्या’ असे सांगून मागच्या दहा गाड्यांच्या हॉर्नचे शांतपणे श्रवण करतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या फाटकावरही हेच चित्र दिसते: पाहुण्याचा फोटो निघतो, ॲपवर यजमानाची संमती येते, आणि त्यानंतर वॉचमन दोरीला बांधलेल्या पेनसह वही पुढे करून म्हणतो, ‘काका, इथं पण लिहा.’ ॲप बंद पडले तर वही असावी आणि वही हरवली तर ॲप असावे, या दुहेरी सावधगिरीत पाहुण्याने आणलेले आइस्क्रीम वितळते.

कौटुंबिक जीवनातील परिवर्तनाचा अभ्यास कोथरूड आणि कॅलिफोर्निया यांच्यामधील संबंधांत उत्तम प्रकारे करता येतो. परदेशी स्थायिक झालेली मुले सुटीत येतात, पुण्यातील आईवडिलांच्या दिवाणखान्यात कॅमेरा आणि दारावर सेन्सर बसवतात आणि काळजीचे सर्व हप्ते एकरकमी फेडल्याच्या समाधानाने परततात. त्यानंतर तिकडे रात्र आणि इकडे सकाळ असताना पुढील प्रकारचे संवाद घडतात.

‘बाबा, गॅलरीचं दार अर्ध्या तासापासून उघडं आहे.’

‘तुला कसं कळलं?’

‘नोटिफिकेशन आलं.’

‘मग तुझ्या नोटिफिकेशनला सांग, आई कुरडया वाळत घालतेय.’

अशा घरांतील मधुमेही ज्येष्ठ नागरिक कॅमेऱ्याच्या नजरेत न येता फ्रीजमधील श्रीखंडाच्या डब्यापर्यंत पोचण्याचा मार्ग अल्पावधीत शोधून काढतात, आणि तोही न जमल्यास कॅमेऱ्यासमोर कालनिर्णय टांगतात, ज्याच्या मांगल्यामुळे ते काढा असे मुलाला सांगता येत नाही. वास्तविक कॅमेऱ्याचा खरा उपयोग रात्री बाथरूमजवळ घसरलेल्या वृद्धाला वेळेत मदत मिळण्यात आहे, आणि तो लहान नाही. परंतु पडल्यावर कळावे म्हणून खाल्ल्यावरही कळू द्यावे लागते, हा व्यवहार कितपत परवडतो याचा निर्णय ज्याच्या श्रीखंडाचा प्रश्न आहे त्याने करावा, हे न्यायाला धरून होईल.

त्यातून यंत्र माहेराऐवजी तिसऱ्याच कोणाचे ऐकू लागले तर प्रकरण आणखी गंभीर होते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि तत्सम उपकरणे ताब्यात घेतली. त्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागली नाही, कारण कारखान्यातून येतानाच घातलेला पासवर्ड, म्हणजे बहुधा ‘ॲडमिन’ किंवा ओळीने लिहिलेले आकडे, मालकांनी बदललेलाच नव्हता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर एकाच वेळी विनंत्यांचा भडिमार केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे अनेकांसाठी ठप्प झाली. चोरावर नजर ठेवण्यासाठी नेमलेले कॅमेरे चोराच्याच टोळीत भरती झाले आणि मालकांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्यांच्या लेखी कॅमेरा व्यवस्थित चालू होता, फक्त नेट ‘जरा स्लो’ होते. एकाच क्षणी सुरू होणाऱ्या पंपांनी ट्रान्सफॉर्मर जळतो, त्याचेच हे आंतरराष्ट्रीय रूप होय.

या सर्व विवेचनावरून असे उपकरण घेताना विचारावयाचे तीन प्रश्न निष्पन्न होतात. नेट गेल्यावर ते आपले मूळ काम करते काय, म्हणजे गिझर पाणी तापवतो काय आणि कुलूप साध्या किल्लीने उघडते काय. कंपनी बंद पडल्यास त्याचे काय होते. आणि ते कोणाला काय कळवते, व ते कळवणे थांबवता येते काय. या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाल्यास उपकरण निःशंकपणे घरी आणावे, आणि न मिळाल्यास साधा पंखा व त्याचा गोल रेग्युलेटर यांच्यातही सुखाने आयुष्य घालवता येते, याला बरीच साक्ष उपलब्ध आहे. मात्र हे प्रश्न कागदावर लिहून दुकानात गेलेला सुविद्य ग्राहकसुद्धा झगमगत्या पडद्यासमोर पोचल्यावर तो कागद खिशातून काढत नाही, आणि त्याच्या तोंडून ठामपणे बाहेर पडणारा प्रश्न एकच असतो: जुन्याचे किती धरणार?