मस्कटीन : जगाच्या सदऱ्याला बटणं लावणारं शहर

आयोवा राज्यात मिसिसिपी नदी थोडा वेळ पश्चिमेकडे वाहते आणि मग विचार बदलून दक्षिणेला वळते. त्या वळणावर मस्कटीन वसलं आहे. वस्ती सुमारे २४ हजार. आधी गावाचं नाव ब्लूमिंग्टन होतं. पण त्या नावाची गावं इतकी माजली, की पत्रं भलत्याच पत्त्यावर जाऊ लागली. अखेर १८४९ मध्ये गावाने टपालापुढे हात टेकून नाव बदललं.

लाकूडतोड, करवतगिरण्या, आगबोटी हा नदीकाठचा नेहमीचा धंदा इथेही होता. मार्क ट्वेन १८५०च्या दशकात भावाच्या वर्तमानपत्रामुळे इथे काही काळ राहिला. पुढे त्याने दोन गोष्टींची आठवण लिहिली : इथले सूर्यास्त, आणि 'मी सैतानाचा एकुलता एक पुत्र आहे हे कबूल कर' म्हणून सुरी घेऊन अंगावर आलेला वेडा. शहर सूर्यास्ताचीच जाहिरात करतं.

मस्कटीनचं नशीब मात्र नदीच्या तळाशी पडलं होतं. जॉन बेप्ले हा जर्मन बटणकारागीर १८९१ मध्ये इथे आला. आदल्याच वर्षी अमेरिकेने परदेशी बटणांवर जबर जकात बसवली होती, आणि मिसिसिपीत जाड, चमकदार शिंपल्यांचे थरच्या थर होते. शिंपले पकडायला कौशल्य फारसं लागत नसे. होडीमागून आकड्यांचा दांडा तळावरून ओढायचा. उघड्या तोंडाचा शिंपला आकडा लागताच दात-ओठ खाऊन मिटायचा आणि स्वतःच लटकत वर यायचा. मग शिजवून मांस काढायचं, कवच मऊ व्हावं म्हणून काही दिवस भिजवायचं, नळीसारख्या करवतीने चकत्या पाडायच्या, घासायच्या, भोकं पाडायची. पुठ्ठ्यावर बटणं शिवायचं काम घरोघरच्या बायकामुलांकडे. १९०५ मध्ये इथे वर्षाला दीडशे कोटी बटणं निघाली. जगातलं प्रत्येक तिसरं बटण आपलंच, असं शहर तेव्हापासून सांगत आलं आहे, आणि मोजायला कोणी बसलं नाही.

कामगारांच्या वाट्याला चमक आली नाही. मजुरी तुटपुंजी, हवेत शिंपल्याची धूळ. १९११-१२ मध्ये मोठा संप झाला. तोवर नदीचा तळही खरवडून निघाला होता. सरकारने जवळच्या फेअरपोर्टला शिंपले वाढवण्याचं केंद्र काढलं आणि बेप्लेही तिथे कामाला लागला. शिंपल्यांनी हिशेब चुकता केला : कवचाने पाय कापून, जखम चिघळून १९१२ मध्ये तो वारला. उरलेला धंदा पुढे प्लॅस्टिकने आणि चेनने मोडला. छिद्रं पडलेली कवचं अजून नदीकाठी सापडतात. बटणांचं संग्रहालयही आहे.

शहर बसून राहिलं नाही. किंवा राहिलं, पण खुर्च्या विकून. ऑफिसचं फर्निचर बनवणारी 'हॉन' १९४४ पासून इथलीच. हाइन्झचा कारखाना १८९३ पासून, शिवाय मका दळणारे उद्योग आणि आसपासच्या वाळूत पिकणारी खरबुजं. १९८५ मध्ये शेती पाहायला चीनच्या हबेई प्रांतातून एक तरुण अधिकारी आला आणि एका घरात मुलाच्या खोलीत झोपला. २०१२ मध्ये तो, म्हणजे शी जिनपिंग, उपराष्ट्राध्यक्ष म्हणून जुन्या यजमानांकडे चहाला पुन्हा आला. या खेपेला बाहेर पोलीस होते.