नाशकात गर्प्स कसं खेळावं: नवशिक्यांसाठी

साहित्य: सहा बाजूंचे तीन फासे, दोन पेन्सिली, एक खोडरबर, पाठकोरे कागद आणि चार माणसं. फासे घरातच सापडतात. सापशिडीच्या डब्यात एक, व्यापाराच्या डब्यात दोन. माणसं जमवणं अवघड. कॉलेज रोडवाला सिडकोत यायला तयार नसतो आणि सिडकोवाल्याला 'नाशिकरोडला जमू' म्हटलं की त्याच्याकडे नेमके त्याच रविवारी पाहुणे येतात. म्हणून आधी जागा पक्की करावी, मग खेळाचं बोलावं. कुणाची तरी गच्ची उत्तम. मिसळीच्या दुकानात बसू नये. रस्सा कागदावर सांडतो, आणि वेटरने तिसऱ्यांदा 'अजून काही?' विचारलं की खलनायकाचं भाषण अर्धवट राहतं.

घरच्यांना खेळ समजावून सांगावा लागेल. एक जण सूत्रधार होतो, त्याला पोरं जीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपलं पात्र काय करतंय ते खेळणारा सांगतो, आणि जमेल की नाही अशी शंका येईल तिथे फासे पडतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, शेवटी कोणी जिंकत नाही. 'मग खेळता कशाला?' असं आजोबा विचारतील. उत्तर देत बसू नये, चहा मागावा.

या सगळ्याची सुरुवात 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने झाली. त्यात तळघरं, राक्षस, जादूगार ठरलेले. मग 1986 साली स्टीव्ह जॅक्सन नावाच्या गृहस्थाने 'गर्प्स' काढलं आणि जग बाजूला ठेवून नुसते नियम विकायला आणले. काळ कुठलाही घ्या, गाव कुठलंही घ्या, फासे तेच. गर्प्स ही अक्षरं म्हणे कामचलाऊ होती, खरं नाव सुचेपर्यंत वापरायची. सुचलंच नाही, तेव्हा त्याच अक्षरांना एक पूर्ण रूप चिकटवलं. सरकारी योजनांना नावं देणाऱ्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही.

सूचना पहिली: जाड पुस्तकं उघडू नका. गर्प्समध्ये अंतराळयानापासून दगडी कुऱ्हाडीपर्यंत सगळ्याला नियम आहेत, आणि नवशिका सूत्रधार ते सगळे लावायला बघतो. माणूस पोहताना अंगावर किती किलो सामान होतं, याचा हिशोब सुरू झाला की पोहणारा बुडो न बुडो, बाकीचे तिघे मोबाइल काढतात. 'गर्प्स लाइट' ही 32 पानांची पुस्तिका फुकट मिळते. त्यातलंही निम्मं पहिल्या दिवशी वगळावं. काय वगळायचं ते कळलं की सूत्रधार तयार झाला.

सूचना दुसरी: पात्र बनवणं. इथे घाई करू नये, कारण खरी मजा इथेच आहे. समजा पंचवटीतला एक रिक्षावाला करायचा. त्याला 75 गुणांचं भांडवल द्या. ताकद, चपळाई, बुद्धी, प्रकृती हे चार मूळ आकडे. सामान्य माणसाचे सगळे 10. चपळाई आणि बुद्धी एकाने वाढवायला प्रत्येकी 20 गुण, ताकद आणि प्रकृती 10. आपल्या गड्याची चपळाई 11, बुद्धी 11, प्रकृती 12 केली, की 60 गुण संपले. मग कसब. गावाची खडान्‌खडा माहिती 14, वाहन चालवणं 13, गोड बोलून समोरच्याला गुंडाळणं 13. प्रत्येकी 8 गुण. एकूण 84. म्हणजे नऊ गुण जास्त झाले.

हे नऊ गुण अवगुण घेऊन फेडायचे असतात. तुमच्या पात्रात खोट असेल तर नियम तुम्हाला गुण परत देतात. फाजील आत्मविश्वास घेतला, पाच परत. उरलेल्या चारांसाठी एकेका गुणाच्या चार खोडी: सर्वोत्तम मिसळ कुठली यावर प्रवाशाशी वाद घालतो; नदीला गोदावरी म्हणणाऱ्याला 'गंगा म्हणा' असं सांगतो; पुण्याचं नाव निघालं की हवेची तुलना करतो; सुट्टे नसतात. झाले 75. नियमांनुसार खोडी पाचपर्यंत घेता येतात, पण खेळणारे नाशिककर असतील तर त्यांना चारवर थांबवणं हेच जड जातं. शिवाय 'अवलंबून असलेला नातेवाईक' असाही एक अवगुण पुस्तकात आहे. तो नातेवाईक ऐन संकटात कडमडेल की नाही हे सूत्रधार फासे टाकून ठरवतो. सगळ्या नियमांत अस्सल मराठी नियम हाच, असं माझं मत आहे.

सूचना तिसरी: फासे टाकणं. तिन्ही फाशांची बेरीज कसबाच्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर जमलं. फासे 216 तऱ्हांनी पडू शकतात. 14 किंवा कमी त्यांतल्या 196 वेळा, 10 किंवा कमी बरोबर 108 वेळा. म्हणजे 14 वाला माणूस एरवी चुकत नाही, पण अडचण चार पायऱ्यांची आली की त्याचं काम निम्म्या नशिबावर जातं.

ही अडचण मोजायची कशी, यावर पुस्तकात पानंच्या पानं आहेत. नाशकात त्यांची गरज नाही. गंगेत रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे आणि पावसाळ्यात अख्खं गाव पूर त्याच्यावरूनच मोजतं. तीच पट्टी वापरावी. पाणी घोट्याला: आकड्यातून 1 वजा. गुडघ्याला 2, कंबरेला 4, छातीला 6, गळ्याला 8. 'वजा चार' म्हटलं की खेळणारा हुज्जत घालतो. 'कंबरेला लागलंय' म्हटलं की मुकाट्याने फासे उचलतो. तिन्ही फाशांवर सहा पडले, म्हणजे 18, तर काम पुरतं फसलं. आमच्यात त्याला 'नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं' म्हणतात.

आता प्रत्यक्ष. सिंहस्थाची पर्वणी आहे. एका आजीबाईंचा नातू गर्दीत हरवलाय, तो सीतागुंफेजवळ दिसल्याचं कुणीतरी सांगितलंय, आणि रिक्षावाला रामकुंडाच्या अलीकडे अडकलाय. गल्ल्यांतून वाट काढायची. कसब 14, गर्दी कंबरेला, म्हणजे 10 हवेत. पडले चार, चार, तीन. अकरा. एकाने हुकलं.

नवशिका सूत्रधार इथे म्हणतो, 'तुला वाट सापडत नाही.' मग सगळे एकमेकांकडे बघतात आणि खेळ बसतो. असं करू नका. वाट सापडली, पण बॅरिकेडमागच्या पोलिसाने एकेरी मार्ग दाखवला आणि लोंढ्याने त्याला होळकर पुलावरून थेट पलीकडे नेऊन सोडलं, असं सांगा. आता तो रविवार कारंजाच्या बाजूला, पोरगा पंचवटीत, आणि मधल्या वेळात आजीबाईंनी एका तीर्थोपाध्यायांना गाठलंय. दुसऱ्या खेळणाऱ्याला ते पात्र देऊन ठेवा. उपाध्यायांच्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की आजीबाईंचे भाऊबंद कुठे उतरलेत याचा माग लागू शकतो. जादूगाराची पोथी आणायला इंग्लंडात जायला नको.

काही जणांना पात्राच्या तोंडून बोलायची लाज वाटते. त्यांना धुळवडीची आठवण करून द्यावी. त्या दिवशी जुन्या नाशकात वीर निघतात; कुणी राम, कुणी शंकर, कुणी मावळा होऊन वाजतगाजत गंगेवर जातो आणि दाजीबा वीराला बघायला रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी असतात. पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यात तर मुखवटे चढवून रात्रभर देव-दानवांची सोंगं नाचतात. एवढं सगळं ज्या जिल्ह्यात चालतं, तिथे गच्चीवर तीन मित्रांसमोर रिक्षावाल्यासारखं बोलायला कसली लाज?

एक सावधगिरी. 1 मार्च 1990 रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने स्टीव्ह जॅक्सनच्या ऑस्टिनमधल्या कचेरीवर छापा घातला, संगणक उचलले आणि 'गर्प्स सायबरपंक'चं हस्तलिखितही नेलं. खेळाचं पुस्तक त्यांना संगणक-गुन्ह्यांची मार्गदर्शिका वाटलं. कंपनी कोर्टात गेली आणि 1993 साली जिंकली. तेव्हा 'सराफ बाजार: रात्री दीडला मागच्या बोळातून' असं लिहिलेले कागद गच्चीवर विसरून येऊ नका. नुकसानभरपाई मिळेपर्यंत तीन वर्षं जातात.

कथा कुठली निवडावी? जिचा शेवट सगळ्यांना पाठ आहे ती नको. 21 डिसेंबर 1909, विजयानंद थिएटर, रंगमंचावर 'शारदा': प्रसंग थरारक, पण कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे एकच, आणि बाकीच्या दोघांना नाटक बघत बसावं लागतं. त्यापेक्षा रामशेज किल्ला घ्यावा. 1682 साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि मूठभर शिबंदीने तो कित्येक वर्षं झुंजवला. आत रोज काय घडत होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ती सगळी जागा तुमची.

मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मावळ्यांनी लाकडाच्या बनवून वर कातडं चढवलं. ही तोफ खेळात आली की वाद पेटणार. पुस्तकं पाठ केलेला एक जण प्रत्येक टोळक्यात असतोच. तो लाकडाची जाडी विचारील, कातडं म्हशीचं की बैलाचं ते विचारील, बार भरताना नळी फुटायची शक्यता तक्त्यात शोधायला लागेल. त्याला पाच मिनिटं द्या. मग दुतोंड्याची पट्टी लावा: पहिला बार गुडघ्याला, दुसरा कंबरेला, तिसरा गळ्याला. तरीही तो ऐकेना, तर वात पेटवायला त्याच्याच पात्राला उभं करा आणि फासे बाजूच्याच्या हातात द्या.